परवान्याची बंदूक आणि पोलीस ठाण्याचा निरोप

निवडणुकीची घोषणा झाली आणि आचारसंहिता लागली, की कोकणात आणि गोव्यात परवानाधारक शेतकऱ्यांना पोलीस ठाण्यातून निरोप येऊ लागतात. कधी पोलीस पाटील घरी येऊन सांगतात, कधी बीट हवालदारांचा फोन येतो, आणि अलीकडे तर गावाच्या व्हॉट्सॲप गटावर एवढेच येते, की सर्वांनी आपापली शस्त्रे दोन दिवसांत ठाण्यात जमा करावीत, अन्यथा परवान्यावर कारवाई होईल. आदेश कोणी काढला, कोणत्या कलमाखाली काढला आणि माझ्याच शस्त्राबद्दल कोणता धोका दिसला, यातले काहीही त्या निरोपात नसते. बहुतेक माणसे मुकाट्याने बंदूक कापडात गुंडाळून ठाण्यात नेऊन देतात, कारण परवान्याच्या नूतनीकरणासाठी पुढे त्याच ठाण्याचा अहवाल लागणार असतो आणि त्या अहवालावर पाणी सोडायला कोणीही तयार नसते.

माझे म्हणणे नीट समजावे म्हणून आधीच स्पष्ट करतो, की परवानाधारकाचे शस्त्र काढून घेण्याचा अधिकार शासनाला असू नये, असे मी मानत नाही. तो अधिकार असलाच पाहिजे आणि काही प्रसंगी तो तातडीने वापरलाही पाहिजे. परंतु आपल्या कायद्याने तो अधिकार ठरावीक अधिकाऱ्यांना, ठरावीक कारणांसाठी आणि लेखी आदेशाच्या अटीवर दिलेला आहे; ठाण्यातून आलेला तोंडी निरोप हा तो आदेश नव्हे. नागरिकाचा हक्क आहे तो या लेखी, सकारण आणि नावानिशी दिलेल्या आदेशावर, आणि तो हक्क रोजच्या व्यवहारात जवळजवळ विसरला गेला आहे, ही माझी तक्रार आहे.

शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क नाही. तो असावा की नसावा, याची चर्चा मात्र आपल्याकडे पूर्वी गांभीर्याने झालेली आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपीय लोकांना त्यातून सूट दिली. या अपमानाची आठवण ताजी असल्यामुळेच १९३१ च्या कराची काँग्रेसने संमत केलेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियम आणि मर्यादांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असेल, असे एक कलम होते. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी त्याच ठरावाचा आधार घेऊन हा हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र विनाअडथळा विकत घेता येऊ लागले, तर राज्याचा कारभार कसा चालेल, असा त्यांचा प्रश्न होता. हक्कापेक्षा देशाच्या रक्षणासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर आपण भर दिला पाहिजे, असेही त्यांनी सांगितले. दुरुस्ती फेटाळली गेली. पुढे १९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालात शस्त्र बाळगण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये सामावलेला असल्याचे म्हटले गेले, परंतु त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने नंतर ते मत टिकू दिले नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, हे पुन्हा नमूद केले.

मला बाबासाहेबांची भूमिका मनापासून पटते. बंदुकीचा परवाना ही शासनाने विचारपूर्वक दिलेली मुभाच असली पाहिजे. परंतु इथे एक गल्लत नेहमी होते. शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही, म्हणून शस्त्र काढून घेताना कोणताच हक्क आड येत नाही, असे पुष्कळ अधिकारी आणि दुर्दैवाने पुष्कळ परवानाधारकही समजतात. ते चूक आहे. बंदूक ही परवानाधारकाने पैसे मोजून घेतलेली मालमत्ता असते, आणि कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणालाही मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ३००अ सांगतो. शासनाने एकदा दिलेली मुभा मनमानीने काढून घेता येत नाही, हे अनुच्छेद १४ मधून येते. आणि हे सगळे बाजूला ठेवले, तरी संसदेने १९५९ मध्ये केलेला शस्त्र अधिनियमच कोणी, केव्हा आणि कसे शस्त्र घ्यायचे, हे पायरीपायरीने सांगतो. पोलिसांचा अधिकार त्या पायऱ्यांपुरताच आहे.

रस्त्यावरची पायरी पहिली. शस्त्र घेऊन जाणाऱ्या कोणाकडेही परवाना दाखवण्याची मागणी कोणताही पोलीस अधिकारी कलम १९ खाली करू शकतो. परवाना दाखवला नाही, तर नाव-पत्ता विचारता येतो आणि आवश्यक वाटल्यास शस्त्र जप्त करता येते; नाव-पत्ता नाकारला किंवा खोटा दिल्याचा संशय आला, तर वॉरंटशिवाय अटकही करता येते. कलम २० आणखी पुढे जाते. परवाना असला तरीही, शस्त्र बेकायदा कामासाठी वापरले जाणार असल्याचा रास्त संशय यावा अशा रीतीने ते कोणी नेत असेल, तर अटक आणि जप्ती दोन्ही होऊ शकतात. या दोन्ही तरतुदींबद्दल माझी काहीही तक्रार नाही. रात्री भरलेली बंदूक घेऊन दुसऱ्याच्या वस्तीत फिरणाऱ्याला पोलिसांनी थांबवले नाही, तर पोलीस कशासाठी आहेत? त्याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणारे मनाई आदेश आपल्याला वर्तमानपत्रांतून परिचित आहेत. सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे, काठ्या, सोटे घेऊन फिरण्यास ते मनाई करतात. शस्त्र घेऊन बाहेर पडू नका, असे हा आदेश सांगतो. घरातल्या कपाटात कुलूपबंद असलेले शस्त्र ठाण्यात आणून द्या, असे तो सांगत नाही. हा फरक लहान वाटतो, पण पुढचा सगळा प्रश्न त्याच्यावर उभा आहे.

घरातले शस्त्र घ्यायचे असेल, तर कायदा पोलिसांना एकट्याने पुढे जाऊ देत नाही. कलम २२ प्रमाणे, एखाद्याकडे बेकायदा हेतूने शस्त्र आहे किंवा त्याच्याकडे ते राहू देणे सार्वजनिक शांततेला धोकादायक आहे, असे मानण्यास दंडाधिकाऱ्यांना कारण असावे लागते, ते कारण त्यांनी आधी लिहून ठेवावे लागते आणि मगच झडती व जप्ती करता येते. तीही दंडाधिकाऱ्यांच्या किंवा खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या उपस्थितीत. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात शस्त्र हवे असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची जप्तीची कलमे लागू होतात आणि त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचे व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करणे आता बंधनकारक आहे. ज्याच्या घरी झडती होते, त्याने या चित्रीकरणाबद्दल शांतपणे विचारावे. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

परवाना निलंबित करणे किंवा रद्द करणे, हा सर्वांत महत्त्वाचा अधिकार कलम १७ मध्ये आहे आणि तो परवाना प्राधिकाऱ्यांचा आहे. सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता, परवानाधारकाची अपात्रता, माहिती दडवून मिळवलेला परवाना, अटींचा भंग अशी कारणे त्यात दिलेली आहेत. आदेश लेखी हवा, कारणे नोंदवलेली हवीत आणि परवानाधारकाने मागणी केल्यास त्या कारणांचे संक्षिप्त निवेदन त्याला दिले पाहिजे. ते देणे सार्वजनिक हिताचे नसेल, तेवढाच अपवाद. कलम १८ खाली वरिष्ठ प्राधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि त्यासाठी नियमांत तीस दिवसांची मुदत आहे. परवाना निलंबित किंवा रद्द झाला अथवा त्याची मुदत संपली, तर कलम २१ प्रमाणे शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. म्हणजे जमा करण्याची सक्ती येते ती ताबा कायदेशीर राहिलेला नसतो तेव्हा. परवाना चालू असताना, तो निलंबित झालेला नसताना, ठाणे अंमलदारांच्या सांगण्यावरून शस्त्र जमा करण्याचे बंधन या कलमातून निघत नाही.

याच्याही वरचे अधिकार केंद्र शासनाकडे आहेत. कलम २४ प्रमाणे केंद्र शासन कोणाच्याही ताब्यातील शस्त्र, तो ताबा कायदेशीर असला तरी, जप्त करण्याचा आदेश देऊ शकते, आणि अशांत क्षेत्रांसाठी कलम २४अ आहे. हे अधिकार फार मोठे आहेत, आणि ते एवढ्या वरच्या पातळीवर ठेवण्यामागे संसदेचा विचार उघड आहे. अधिकार जितका सरसकट, तितका तो वापरणारा वरिष्ठ आणि उत्तरदायी असावा. प्रत्यक्षात मात्र सर्वांत सरसकट कृती सर्वांत खालच्या पातळीवरून, आणि तीही तोंडी, होताना दिसते.

महानगरांतील वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जिल्ह्यात परवाना प्राधिकारी जिल्हाधिकारी असतात आणि पोलीस अहवाल देतात. अहवाल देणारा आणि निर्णय घेणारा असे दोन वेगळे हात तिथे आहेत. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या आयुक्तालयांत पोलीस आयुक्त हेच परवाना प्राधिकारी असतात, म्हणजे अहवालही पोलिसांचा आणि निर्णयही पोलिसांचाच. तिथे लेखी कारणांचे महत्त्व दुप्पट होते, कारण दुसऱ्या हाताने तपासून पाहण्याची सोय अपिलाआधी नसते.

निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याची पद्धत मतदान केंद्रे बळकावण्याच्या आणि मतदारांना धमकावण्याच्या अनुभवांतून रुळली. भारत निवडणूक आयोगाने त्याबाबत जिल्हा प्रशासनांना वेळोवेळी सूचना दिल्या. उद्देश योग्यच होता. परंतु सूचना खालपर्यंत पोहोचताना तिच्यातला विवेक गळत गेला आणि सगळ्यांचीच शस्त्रे आणा, एवढेच उरले. २००९ मध्ये याच प्रकारच्या सरसकट आदेशाला आव्हान दिले गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर दिलेला निकाल आज साऱ्या देशासाठी मार्गदर्शक ठरला आहे. शस्त्र आणि परवानाधारक यांचा वेगवेगळा विचार न करता सर्वांना एका दोरीत बांधणे न्यायालयाला मान्य झाले नाही. त्याऐवजी न्यायालयाने एक रीत आखून दिली, आणि निवडणूक आयोगाने त्याच वर्षी ती आपल्या सूचनांत घेऊन सर्व राज्यांना कळवली.

ती रीत अशी आहे. प्रत्येक जिल्ह्यात आणि आयुक्तालयात एक छाननी समिती असावी. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तिच्यात असतात. निवडणूक जाहीर होताच समितीने परवानाधारकांची यादी तपासून, कोणाचे शस्त्र जमा करून घेणे आवश्यक आहे, हे ठरवावे. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले आणि पूर्वी, विशेषतः निवडणुकीच्या काळात, दंगलीत सहभागी असलेले परवानाधारक यांचा विचार तिने प्रामुख्याने करावा. ज्यांची नावे निघतील, त्यांना परवाना प्राधिकाऱ्यांनी व्यक्तिशः नोटीस द्यावी, नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत शस्त्र जमा करावे, जमा करताना रीतसर पावती मिळावी, आणि निकाल जाहीर झाल्यावर शस्त्र परत मिळावे. नोटीस मिळूनही शस्त्र जमा न करणाऱ्यावर आदेशाची अवज्ञा केल्याबद्दल खटला होऊ शकतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम १८८ त्यासाठी होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ आहे. ज्या समाजांना प्रथेने आणि कायद्याने शस्त्र धारण करण्याची मुभा आहे त्यांचा, बँकांच्या सुरक्षारक्षकांचा आणि राष्ट्रीय पातळीवरच्या नेमबाजी संघटनेच्या खेळाडूंचा अपवादही या सूचनांत आहे.

मला ही रीत अतिशय समंजस वाटते. तिने पोलिसांच्या हातातून काहीच काढून घेतलेले नाही. ज्याच्याबद्दल धोका दिसतो, त्याचे शस्त्र घेण्याची पूर्ण मोकळीक ठेवली आहे. तिने मागितले आहे ते एवढेच, की नाव लिहा, विचार करा आणि मग मागा. यासाठी लागणारी माहिती ठाण्यात आधीच असते. परवानाधारकांची नोंद राष्ट्रीय संगणकीय यादीत विशिष्ट ओळख क्रमांकासह आहे, गुन्ह्यांची नोंद संगणकावर आहे, आणि नूतनीकरणाच्या वेळी ठाण्यानेच त्या माणसाबद्दल अहवाल दिलेला असतो. तरीही निरोप सगळ्यांना जातो, कारण छाननी केल्यापेक्षा सगळ्यांना बोलावणे सोपे, आणि चुकून एखादे शस्त्र बाहेर राहिले तर जबाबदारी कोण घेणार, ही भीती. या प्रवृत्तीबद्दल न्यायालयांनी वारंवार नापसंती दाखवली आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानेही, केवळ निवडणूक आहे म्हणून सरसकट आदेशाच्या आधारे परवानाधारकांना शस्त्र जमा करायला लावता येणार नाही, असे ठणकावले.

या प्रश्नाशी माझा संबंध केवळ वाचनाचा नाही. आमच्या घरी आजोबांनी शेतीसंरक्षणासाठी घेतलेली आणि पुढे बाबांच्या नावावर झालेली एक बारा बोरची बंदूक आहे. सिंधुदुर्गात असे परवानाधारक गावोगावी आहेत. कोणाकडे काडतुसाची, कोणाकडे अजून ठासणीची. रानडुकरे, माकडे आणि डोंगराकडच्या गावांत गवे रात्रीतून शेताची काय दशा करतात, हे ज्याने सकाळी जाऊन पाहिले आहे, त्याला या बंदुकीचा उपयोग वेगळा सांगावा लागत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय जनावर मारता येत नाही आणि ते योग्यच आहे. बहुतेक वेळा हवेत बार काढून जनावर पिटाळणे, एवढेच काम ती करते. परंतु तेवढ्यानेही भाताचे कुणगे आणि काजूची बाग वाचते.

आता निवडणुकांचे दिवस आणि शेतीचे दिवस शेजारी ठेवून पाहा. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, आमच्या मतदारसंघात ७ मेला मतदान झाले आणि ४ जूनला निकाल लागला. काजू, आंबा, फणस यांचा सगळा हंगाम त्यात आला. त्याच वर्षी विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ नोव्हेंबरला निकाल. हे दिवस भातकापणीचे. म्हणजे ज्या दोन हंगामांत राखणीची खरी गरज असते, नेमक्या त्याच दोन हंगामांत बंदूक ठाण्यात होती. त्यानंतर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका येतात आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो. ज्याच्यावर आयुष्यात एकही गुन्हा नोंदलेला नाही, ज्याचे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे आणि ज्याची बंदूक माचाव्यतिरिक्त कुठे गेलेली नाही, अशा शेतकऱ्याच्या शस्त्रापासून मतदानाला कोणता धोका आहे, हे छाननी समितीने एकदा कागदावर लिहून दाखवावे, एवढीच माझी मागणी आहे. लिहायला बसल्यावर कारण सापडणार नाही, असा मला विश्वास वाटतो.

सुरक्षारक्षकांची अडचण याहून कठीण आहे. सातारा, कोल्हापूर, सांगली भागातील अनेक निवृत्त जवान स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीवर बँकेत किंवा रोकड वाहून नेणाऱ्या गाडीवर नोकरी करतात. शस्त्राशिवाय त्या नोकरीला अर्थ नसतो. निवडणूक आयोगाच्या सूचनांत बँकांच्या रक्षकांना सूट आहे. परंतु ती सूट मिळवण्यासाठी त्याने अर्ज करायचा, नियोक्त्याचे पत्र आणायचे, आणि तोपर्यंत निरोपावर निरोप येत राहतात. ज्याने देशासाठी वर्षानुवर्षे शस्त्र सांभाळले, त्याला स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीसाठी असे दारोदार फिरावे लागणे मला अन्यायाचे वाटते.

समोरची बाजू मी दुर्लक्षित करणार नाही, कारण ती खरी आहे. परवान्याच्या शस्त्रांनी गुन्हे होतात. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, पोलीस अधिकाऱ्यांच्या दालनात, एका आमदाराने प्रतिस्पर्धी गटाच्या नेत्यावर गोळ्या झाडल्याच्या घटनेने महाराष्ट्र हादरला. त्यानंतर काही दिवसांतच दहिसरला एका माजी नगरसेवकाचा खून झाला. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मधील सरपंचांच्या हत्येनंतर किती आणि कोणाकोणाला परवाने दिले गेले होते, हा प्रश्न उभा राहिला, प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी केली आणि पुष्कळ परवाने रद्द केले. मला ही कारवाई स्वागतार्ह वाटते. पण तीच माझा मुद्दा अधिक ठळक करते. उल्हासनगरची घटना घडली तेव्हा निवडणुकीची आचारसंहिता लागलेली नव्हती. बीडमध्ये जे करावे लागले, ते कलम १७ प्रमाणे वर्षभर, कोणत्याही जिल्ह्यात करता येण्यासारखे होते. गुन्हे दाखल असलेल्या, राजकीय वजन असलेल्या माणसाचा परवाना वेळीच तपासला जात नाही आणि निवडणूक आली, की त्याच्यासह शंभर निरुपद्रवी शेतकऱ्यांची शस्त्रे महिनाभर ठाण्यात ठेवली जातात. निकालानंतर त्याचे शस्त्र त्याला सन्मानाने परत मिळते. सरसकट जमा करण्याने छाननीचे काम होत नाही, उलट ते टाळण्याची सोय होते. गावठी कट्टे बाळगणाऱ्यांना तर कोणाचा निरोपही जात नाही, कारण त्यांची नावे कोणत्याच यादीत नसतात.

शस्त्र बाळगणे मूलभूत हक्क असता, तर हा त्रास झाला नसता, असे काही परवानाधारक मित्र म्हणतात. मला तसे वाटत नाही. अमेरिकेत तो हक्क घटनेत आहे. तरीही २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहरात पोलिसांनी कायदेशीररीत्या बंदुका बाळगणाऱ्या नागरिकांकडून त्या काढून घेतल्या, अनेकांना पावत्यासुद्धा मिळाल्या नाहीत, प्रकरण संघीय न्यायालयात गेले आणि पुढच्या वर्षी आपत्तीच्या काळात अशी जप्ती करण्यास मनाई करणारा कायदा तिथल्या संसदेला करावा लागला. घटनेत हक्क लिहिलेला असूनही माणसाच्या हातात कागद नसेल, तर त्याला आपली वस्तू परत मिळवताना किती कष्ट पडतात, हे त्यातून दिसते. आपल्याकडे हक्क नाही. निदान कागद तरी मिळालाच पाहिजे.

म्हणून परवानाधारकांना माझे सांगणे आहे, की तोंडी निरोप आला तर वाद घालू नका आणि शस्त्र देण्यास नकार देऊन प्रसंगही ओढवून घेऊ नका. पोलीस ठाण्यात समक्ष जाऊन छाननी समितीचा निर्णय आणि परवाना प्राधिकाऱ्यांची माझ्या नावाची नोटीस मला मिळावी, असा साधा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. नावानिशी नोटीस मिळाली, तर मुदतीत शस्त्र जमा करा, आणि ती चुकीची वाटत असेल, तर परवाना प्राधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन देऊन कारणे मागा. समितीचा निर्णय अंतिम मानला जात असला, तरी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचा मार्ग खुला असतो. शेतीसंरक्षणाचा परवाना असणाऱ्यांनी निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता, सातबारा आणि पीक नुकसानीचे पंचनामे जोडून, आपले नाव वगळण्याचा अर्ज आधीच जिल्हाधिकारी कार्यालयात दिलेला बरा. बाबांसाठी आम्ही असा अर्ज दिला आहे.

जमा करतानाची पावती हा विषय किरकोळ समजला जातो आणि नंतर सर्वाधिक भांडणे त्याच्यावरूनच होतात. पावतीवर शस्त्राचा क्रमांक, बनावट, बोअर, नळी आणि दस्ता यांची त्या दिवशीची स्थिती आणि काडतुसांची संख्या लिहिलेली असावी. कोकणातल्या दमट हवेत महिना-दीड महिना तेल न लावता मुद्देमाल कक्षात उभी राहिलेली बंदूक गंज धरून परत येते, दस्त्याला तडा गेलेला असतो, कधी चाप अडकतो. ती दुरुस्त करायची, तर परवानाधारक कारागीर जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज मिळत नाही. अशा नुकसानीची भरपाई कोणी करायची, याबद्दल शस्त्र अधिनियमात मला स्पष्ट तरतूद दिसत नाही, आणि सद्भावनेने केलेल्या कृतीला कलम ४० चे संरक्षण आहे. त्यामुळे शस्त्र देताना ठाणे अंमलदारांसमोरच त्याची छायाचित्रे काढून त्यांच्या प्रती पावतीला जोडण्याचा नियम राज्याच्या गृह विभागाने करावा, आणि परत देताना त्याच छायाचित्रांशी शस्त्र ताडून दोघांच्या सह्या घ्याव्यात. याला नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरेसे आहे.